कुलूपवाल्याचा खून, मोठ्या अक्षरांत

मावशीच्या कानात एक घंटी होती. दुसऱ्या कुणाला ती ऐकू येत नसे, पण ती वाजली की मावशीचा हात आपोआप हलायचा. न्यायालयाच्या टंकलेखन विभागात उभा जन्म काढलेल्या बाईच्या कानात दुसरं काय असणार? टाइपरायटरवर ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजते, मग डाव्या हाताने दांडा ढकलायचा आणि नवी ओळ सुरू करायची. पुढे विभागात संगणक आले. घंटी गेली, दांडाही गेला. पहिले काही दिवस मावशीचा डावा हात हवेतच दांडा ढकलायचा आणि शेजारणीच्या चहाच्या कपाला लागायचा. मग कुणीतरी तिला एंटरचं बटण दाखवलं आणि शेजारणीचा चहा वाचला.

तेव्हापासून मनातली घंटी वाजली की मावशी एंटर मारायची. प्रत्येक ओळीच्या शेवटी. संगणकाला ओळ आपली आपण मोडता येते हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. कागदावर सगळं ठाकठीक उमटत होतं, वरचे साहेब सह्या करत होते, मग विचारायचं कशाला?

याच पद्धतीने तिने निवृत्तीच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने संपवत एक अख्खी कादंबरी टाइप केली. कादंबरी खुनाची होती. दिवसभर साक्षीपुरावे टाइप करणारी बाई काय फुलाफुलांचं लिहिणार? एका कुलूपवाल्याचा त्याच्याच दुकानात खून होतो. पोलीस हात वर करतात, आणि मग त्याची बायको पदर खोचून खुनी शोधायला निघते.

आता हा कुलूपवाला कोण, ते सांगायला हवं. मावशीचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणायची. माणूस सरळ, निर्व्यसनी, हाताला सोन्याचा गुण; पण घरी बोलायचं म्हणजे शब्द जणू मोजून विकत आणलेले. मावशी संध्याकाळी घरी येऊन विभागातली एखादी गंमत रंगवून सांगायला लागली की ते मधूनमधून "हं" म्हणायचे, आणि ते "हं" कुठल्या वाक्याला होतं हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. कादंबरी सुरू केली त्या वर्षी मावशीला या "हं"चा भारी राग आला होता. म्हणून तिने तिसऱ्याच पानावर कुलूपवाल्याला संपवलं. घड्याळांच्या जागी कुलपं ठेवली, त्याला मिश्या चिकटवल्या, आणि आता कुणाच्या बापाला ओळख पटणार नाही अशी स्वतःची खात्री करून घेतली.

काका म्हणाले होते, "छापून आलं की वाचीन." ते काही छापून आलं नाही. दोन प्रकाशकांनी साभार परत केलं, तिसऱ्याने साभारही केलं नाही. कादंबरी एका पेनड्राइव्हमध्ये भरून चमच्यांच्या खणात जाऊन पडली, आणि मावशीने तो विषय सोडला. म्हणजे बोलणं सोडलं. मनातून कसला सोडतेय. तिला जगाने वाचायला हवं होतं असं नाही, एका माणसाने वाचायला हवं होतं आणि तेही शेवटपर्यंत. कारण पहिल्या प्रकरणात राग असला तरी शेवटच्या प्रकरणात जे होतं ते काकांना तोंडाने सांगणं तिला या जन्मात जमलं नसतं.

मग काकांचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण मधली नजर पुसट व्हायला लागली. दुकान विकलं, वर्तमानपत्र बंद झालं. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढणार, जे वाचायचंय ते आत्ता वाचून घ्या. कुणी वाचून दाखवतो म्हटलं तर काका चिडायचे. "मी काय पाळण्यात आहे का?" म्हणायचे. शेवटी मावशीच्या भाचीने त्यांना एक ई-रीडर आणून दिला. ही भाची नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला, बसमध्ये रोज त्याच्यावरच वाचायची. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हटल्यावर काकांनी ते पावट्याच्या दाण्याएवढं केलं, आणि मग त्यांना वेडच लागलं. त्याला ते पाटी म्हणायचे. सकाळी पाटी, दुपारी पाटी, जेवताना मावशीने पाटी काढून घेतली तर चेहरा एवढासा.

आणि एक दिवस, कुणी न विचारता, काका म्हणाले, "अगं, तुझं ते काय होतं, खुनाचं? ते टाक की यात."

मावशीने चमच्यांचा खण असा उपसला की दोन वाट्या खाली पडल्या. भाचीने येऊन फाईल पाटीत घातली. त्या रात्री मावशी लवकर झोपल्याचं सोंग करून पडून राहिली.

सकाळी पाटी टेबलावर पालथी होती.

"काय झालं?" मावशीने चहा ठेवत विचारलं.

"ओळी तुटतात," काका म्हणाले.

"तुटतात म्हणजे?"

"म्हणजे बघ ना. एक ओळ पुरी, मग दोन शब्द, पुढे नुसती मोकळी जागा. पुन्हा एक ओळ पुरी, पुन्हा दीड शब्द. जिना उतरताना एक पायरी आड एक गायब असावी तसं होतंय. डोळे दुखतात माझे. राहू दे ते."

आणि त्यांनी दुसरंच पुस्तक उघडलं.

मावशीने पाटी हातात घेऊन पाहिली. खरंच तसं होतं. तिने जिथे जिथे एंटर मारला होता तिथे तिथे ओळ तुटत होती, आणि पावट्याएवढ्या अक्षरांत तिची एक ओळ पाटीच्या एका ओळीत मावत नव्हती, म्हणून उरलेले दोन शब्द खाली लोंबत होते. तक्रार खरी होती. पण मावशी न्यायालयात मुरलेली; खरी तक्रार पुढे करून भलतंच लपवणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. तिने पाहिलं, काका नेमके तिच्या तिसऱ्या पानावरच्या खुनापाशी थांबले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. यांना ओळख तर पटली नसेल?

पटली असो वा नसो, मावशीने ठरवलं, ओळींचं कारण तरी राहू द्यायचं नाही.

भाचीने पेनड्राइव्हवरची फाईल घरच्या संगणकावर उघडली, कुठलंसं बटण दाबलं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक वाकडी खूण उमटली. भाची बघतच राहिली.

"मावशी, तू प्रत्येक ओळीला एंटर मारलास?"

"मग ओळ संपल्यावर काय मारायचं असतं?"

"काही नाही. ती आपोआप खाली जाते."

"आपोआप?" मावशीला हे पटायला जरा वेळ लागला. इतक्या वर्षांत तिने किती एंटर मारले असतील याचा विचार करून तिची करंगळी दुखायला लागली.

भाचीने समजावलं, हे काम अवघड नाही. "शोधा आणि बदला" नावाची सोय असते. एंटर शोधायचा आणि त्याच्या जागी एक मोकळी जागा टाकायची. एका दमात सगळ्या ओळी जुळतात. फक्त परिच्छेदांचे एंटर आधी बाजूला काढायचे, नाहीतर तेही जातील. ते ओळखायचे कसे? मावशीची शिस्त इथे कामी आली. नवा परिच्छेद आला की ती सुरुवातीला पाच जागा सोडायची, विभागाचा नियमच तसा होता. "मग झालं," भाची म्हणाली, "एंटर आणि त्यापुढे पाच जागा दिसल्या की तिथे आपण आधी एक चांदणीची खूण ठेवू, उरलेले एंटर उडवू, आणि शेवटी चांदणीच्या जागी पुन्हा एंटर. रविवारी येते, दहा मिनिटांचं काम. तू हात लावू नकोस."

तू हात लावू नकोस, हे वाक्य टंकलेखन विभागात पोरींना शिकवून मोठं केलेल्या बाईला सांगावं का? रविवार तीन दिवसांवर होता. मावशीने कसाबसा एक दिवस धीर धरला.

शुक्रवारी काका दाढी करून घ्यायला गेल्यावर ती संगणकापुढे बसली. पहिल्या खेपेला तिने एंटर उडवले, पण जागा टाकायला विसरली. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दाला जाऊन चिकटला आणि पोलीस दाराशीउभे राहिले. तिने तो बदल मागे घेतला. दुसऱ्यांदा सुरू करण्याआधी तिची नजर त्या पाच-पाच मोकळ्या जागांवर पडली. आता, टंकलेखिकेच्या डोळ्याला जादा जागा म्हणजे घरात सांडलेले तांदूळ. झाडल्याशिवाय पाय पुढे पडत नाही. चांदण्यांचं तिच्या डोक्यातून साफ गेलं. तिने जादा जागा होत्या नव्हत्या तेवढ्या झाडून काढल्या, मग एंटर उडवले, या वेळी आठवणीने मधे एकेक जागा टाकली, आणि फाईल पेनड्राइव्हवर त्याच नावाने जपून ठेवली. पाटीतही तीच घातली, जुनीच्या जागी. मग मोठ्या समाधानाने तिने पहिलं पान पाहिलं.

ओळी जुळल्या होत्या, एकही तुटत नव्हती. पण परिच्छेदही नव्हता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अख्खी कादंबरी एकाच परिच्छेदात उभी होती. पोलीस विचारत होते, बायको उत्तर देत होती, शेजारी मधे बोलत होता, प्रकरणं संपून नवी सुरू होत होती, आणि कुठे म्हणून फट नव्हती. आगीतून फुफाट्यात.

भाचीला फोन केला तर ती आधी हसली आणि मग तिला काहीतरी आठवलं. "मूळ फाईल कुठे आहे?" तिने विचारलं.

"हीच मूळ."

"मावशी, एक प्रत बाजूला ठेवायची असते गं."

"आमच्या वेळी कार्बन लावला की प्रत आपोआप निघायची," मावशी म्हणाली. तुमच्या संगणकाला ओळ आपोआप मोडता येते आणि प्रत काढता येत नाही, हे म्हणजे फारच झालं, असं तिचं मत पडलं.

काका दाढी करून आले, तेव्हा पाटी टेबलावरच होती. त्यांनी ती उचलली, नाकाजवळ धरली, दोन पानं सरकवली.

"आता तर श्वास घ्यायलाही जागा नाही," ते म्हणाले आणि पाटी खाली ठेवली.

मावशीचा पारा चढला. "नाचता येईना अंगण वाकडं. ओळी तुटत होत्या तेव्हा डोळे दुखत होते, आता जुळल्या तर श्वास लागतो. वाचायचं नसेल तर सरळ सांगा ना."

काकांनी पाटी हाताने जरा दूर सारली. मग म्हणाले, "तिसऱ्या पानावर मी मेलो."

"तो कुलूपवाला आहे."

"असं? कुलूपवाला कपाळावर भिंग चढवून घरभर भिंग शोधतो?"

मावशी गडबडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हा काकांचा रोजचा खेळ, आणि तो तिने जसाच्या तसा लिहिला होता. कुलूपवाल्याला भिंग लागतच नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मिश्यांवर एवढी मेहनत घेतली होती तिने.

"आणि बायको बोलायला लागली की 'हं' म्हणतो," काका पुढे म्हणाले. "तुझा राग होता तर भांडायचंस. सरळ खूनच?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता, आणि तेच मावशीला लागलं. म्हाताऱ्याला खरंच वाईट वाटलं होतं. इतके दिवस ओळींच्या आड बसून तो ते गिळत होता. मावशीला स्वतःचा राग आला, त्यांची कीव आली, आणि थोडं हसूही आलं, कारण स्वतःच्या खुनाबद्दल इतकं शांतपणे विचारणारा माणूस तिने न्यायालयातही पाहिला नव्हता.

"पुढे वाचा," ती म्हणाली. "तिसऱ्या पानावर थांबून निकाल देऊ नका. कुलूपवाल्याला मेल्यावर पुढचं काही कळलं नाही, तुम्हाला निदान वाचायला तरी मिळतंय."

"या अशा भिंतीसारख्या मजकुरात?"

"मग तुम्ही मोठ्याने वाचा. मी संगणकापुढे बसते. जिथे श्वास लागेल तिथे 'इथे' म्हणा, मी तिथे एंटर मारते."

काकांनी विचार केला. वाचून दाखवून घेणं वेगळं आणि आपण वाचणं वेगळं. शिवाय कुणाला तरी चुका दाखवायला मिळणार होत्या. आयुष्यभर लोकांची बंद घड्याळं उघडलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं? ते खुर्ची ओढून बसले.

असं काम सुरू झालं. दुपारी जेवणं झाली की टेबल पुसायचं, एका बाजूला काका पाटी नाकाशी धरून, दुसऱ्या बाजूला मावशी संगणकावर करंगळी उगारून. काका घसा साफ करून वाचायचे आणि म्हणायचे, "इथे." मावशी एंटर मारायची. दोन माणसं बोलायला लागली की प्रत्येकाला वेगळी ओळ द्यायची, यावर दोघांचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

"इथे काय इथे? वाक्य अर्ध्यात आहे," मावशी म्हणायची.

"वाक्य लांब आहे. न्यायालयात लिहिल्यासारखं. मला दम लागला."

"तुम्हाला जिना चढतानाही लागतो, म्हणून काय जिना तोडायचा?"

एका वाक्यावरून असं भांडण झालं की भाची रविवारी आली तेव्हा दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसली होती. तिने दोघांना चहा दिला, ते वाक्य वाचलं आणि मधोमध पूर्णविराम दिला. मग पुन्हा दोघं टेबलाशी आली. भाची मग त्या कामात पडली नाही. फक्त जाताना तिने फाईलच्या तीन प्रती काढून ठेवल्या.

हळूहळू काका मजकुरात अडकत गेले. पहिले काही दिवस ते कुलूपवाल्याचं नाव आलं की खाकरायचे, नंतर ते थांबलं. त्यांना खुनी कोण ते ओळखायचं होतं. आधी त्यांनी दुकानाच्या जागेच्या मालकावर बोट ठेवलं, मग शेजारच्या शिंप्यावर, आणि शिंपी निर्दोष सुटल्यावर त्यांनी पोलीस फौजदारालाच आरोपी केलं. रात्री पांघरूण घेतल्यावरही विचारायचे, "अगं, किल्ली दोन जणांकडे होती ना?" मावशी ताकास तूर लागू देत नव्हती. कित्येक वर्षांत या माणसाने तिला एवढे प्रश्न विचारले नव्हते, आणि ती काही त्यांची उत्तरं देऊन तो उद्योग संपवणार नव्हती.

कधी कधी काका वाचताना "इथे" म्हणायचंच विसरायचे. बायको रात्रीच्या अंधारात दुकानाचं मागचं दार ढकलते, त्या प्रकरणात तर सलग चार पानं त्यांनी श्वासाची मागणी केली नाही. मावशीने आपल्या मनाने एंटर मारले. तिला आज कानातली घंटी ऐकू येत नव्हती, समोरच्या माणसाचा आवाज कुठे चढतो आणि कुठे थबकतो तेवढंच ऐकू येत होतं.

आणि एका दुपारी शेवटचं प्रकरण आलं.

मावशी उठली. तिने पाणी पिऊन घेतलं. काकांनी पाटी वर धरली आणि वाचायला सुरुवात केली. खुनी सापडतो. तो शिंपीही नसतो आणि फौजदारही नसतो, तो निघतो कुलूपवाल्याकडून किल्ल्या बनवून घेणारा सावकाराचा माणूस. काकांनी मधेच मांडीवर थाप मारली, "मला वाटलंच होतं," म्हणाले. त्यांना मुळीच वाटलं नव्हतं. "इथे," ते म्हणाले आणि मावशीने एंटर मारला.

मग बायको पोलीस चौकीतून बाहेर पडते. इतके महिने जे कुणाला जमलं नाही ते तिने एकटीने केलेलं असतं. तिला धावत सुटावंसं वाटतं. ती घराकडे भराभर निघते, वाटेत मनातल्या मनात सगळं जुळवते, आधी किल्लीचं सांगायचं, मग दाराचं, मग चौकीत त्या माणसाचा चेहरा कसा पडला ते. ती घराशी पोचते, दाराला हात लावते, आणि तिथे तिला कळतं की हे ज्याला सांगायचं तो आत नाही. तो नुसतं "हं" म्हणाला असता. पण सगळं ऐकून म्हणाला असता की न ऐकता, याची तिला आता काही तक्रार नव्हती. ती दाराशीच उभी राहते. तिथेच कादंबरी संपते.

काका शेवटच्या शब्दाशी थांबले. पुढे वाचायला काही नव्हतं, तरी त्यांनी पाटी खाली घेतली नाही. मावशीची करंगळी बटणावर तशीच होती. "इथे" म्हणतील म्हणून तिने थोडा वेळ वाट पाहिली. तिला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून ती पडद्यावरच्या मजकुराकडे बघत राहिली.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांनी खुर्ची टेबलाच्या या बाजूला ओढली, अगदी मावशीच्या शेजारी, आणि पाटी बंद करून ठेवली.

"बरं," ते म्हणाले, "आता सांग. कोण होता खुनी?"

"तुम्ही आत्ताच तर वाचलंत."

"वाचलं ना. पण तिला सांगायचं होतं कुणाला तरी. तू सांग. आधी किल्लीचं सांगायचं होतं ना?"

मावशीने करंगळी बटणावरून उचलली. मग तिने किल्लीपासून सुरुवात केली.